दिवाणजींचा चहा आणि न जुळणारा हिशेब

पेशंट पुरुष, वय ५७. टाइप २ मधुमेहाचं निदान होऊन नऊ वर्षं झालेली. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एका बाजार आवारात गूळ, शेंगा आणि मिरचीचं अडत दुकान आहे, तिथे दिवाणजी. उंची १६६ सेंटिमीटर, वजन ८१ किलो. रक्तदाब गोळीवर आटोक्यात, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) नॉर्मल. मधुमेहाची औषधं दोन: मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ आणि ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम सकाळी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाजारात त्यांना सगळे दिवाणजी म्हणतात, इथेही तेच म्हणते.

डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे आहारासाठी पाठवलं ते एका न जुळणाऱ्या हिशेबापायी. लॅबच्या रिपोर्टात उपाशीपोटी साखर १३४, जेवणानंतर दोन तासांनी १८८. फार चांगली नव्हे, पण घाबरण्यासारखीही नव्हे. एचबीए१सी मात्र ८.६. ही तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ८.६ म्हणजे सरासरी २०० मिलिग्रॅमच्या आसपास. सकाळी १३४ आणि दुपारी १८८ असलेल्या माणसाची सरासरी २०० येत असेल, तर दिवसात कुठेतरी साखर बरीच वर जाऊन बसत असणार आणि लॅबची सुई नेमकी त्या वेळेला तिथे नसणार. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सी खोटा वाढलेला दिसू शकतो, म्हणून डॉक्टरांनी हिमोग्लोबिन पाहून घेतलं होतं: १३.९. ती शंका बरीचशी मिटली. शिवाय लॅबच्या दिवशी दुकानाला रजा, सकाळपासून चहा बंद, जेवण बेताचं. म्हणजे रोजचा दिवस मोजलाच जात नव्हता.

दिवाणजींचं म्हणणं सरळ होतं. "साखर सोडून वर्ष होत आलं की मॅडम. गोडाला हात लावत नाही. मग ही कुठनं वाढायलीय?" सोबत आलेल्या काकूंनीही दुजोरा दिला. खोटं कुणीच बोलत नव्हतं. घरातला साखरेचा डबा चहापुरता खरंच बंद झाला होता. त्याच्या जागी गूळ आला होता. दुकानात पेढ्याचा पुडा आला तर ते हमालांकडे सरकवत. दिवाळीत कुंदासुद्धा चाखला नव्हता, आणि बेळगाव भागातल्या माणसाने कुंद्याला नाही म्हणायचं म्हणजे काही कमी निग्रह नव्हे.

माणसं विचारली, चहा निघाले

"दिवसभरात काय काय खाता?" असं विचारलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं. सकाळी नाश्ता, दुपारी भाकरी-भाजी, रात्री थोडा भात. चहा कुणी खाण्यात धरत नाही आणि चहाबरोबरचं चहातच खपून जातं. म्हणून मी खाण्याचं सोडलं आणि माणसांचं विचारलं. दुकान उघडल्यावर पहिलं कोण येतं? हमाल. मग? रयत, गाडी घेऊन. त्यानंतर खरेदीदार, ट्रान्सपोर्टवाला, बँकेतला माणूस. प्रत्येकाबरोबर एक चहा. कागल-गडहिंग्लजकडचा असला तर मराठीत, हुक्केरीकडचा असला तर "बर्री, चा कुडीरी" म्हणून कन्नडमध्ये, पण ग्लास हातात आल्याखेरीज भावाचं बोलणं दोघांशीही सुरू होत नाही. अडतीत चहा हा व्यवहाराचाच भाग आहे. नको म्हटलं तर समोरच्याला वाटतं, आज दिवाणजींचं मन नाही.

मोजून पाहिलं तेव्हा घरचे दोन धरून सात-आठ चहा भरले. आवारातल्या चहाच्या गाड्यावर साखर पातेल्यातच पडते, चहापावडरीबरोबर उकळते. ग्लास असतो ऐंशी-नव्वद मिलिलिटरचा, त्यात साखर दोन चमचे म्हणजे आठ ते दहा ग्रॅम. पाच-सहा ग्लासांची पन्नासेक ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, शक्यतो पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. हे निरोगी माणसालाही लागू. दिवाणजींच्या मते त्यांची साखर शून्य होती, कारण गाड्यावरचा चहा त्यांनी स्वतः कधी गोड केलेला नव्हता!

पण माझा संशय चहापेक्षा बशीवर जास्त होता. साखर सोडल्यापासून घरी चार टोस्ट लागायला लागले होते. "गुळाचा चहा जरा पातळ लागतो, नुसता उतरत नाही." दुकानात खारी, बटर नाहीतर बिस्किटं. साडेनऊला हॉटेलात उप्पीट, सोबत चहा. संध्याकाळी चुरमुरे, आणि गुरुवारी बाजार भरला की मिरची भजी.

टोस्टमध्ये वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास कर्बोदकं असतात. चार टोस्टांतून तीसेक ग्रॅम, म्हणजे सात चमचे साखरेइतकी. त्यातही गंमत अशी की साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, तो रक्तातली ग्लुकोजची पातळी लगेच फारशी चढवत नाही. मैद्याचा स्टार्च मात्र पचला की जवळजवळ सगळा ग्लुकोजच होतो. दोन चमचे साखर टाळून त्यांनी सात चमच्यांचा ऐवज घरात घेतला होता, तोही बिनगोड असल्यामुळे निर्धास्तपणे.

रोजकीर्द

ग्लुकोमीटर त्यांच्याकडे होता, पण तो फक्त सकाळी उठल्यावर बाहेर निघायचा. पट्ट्या स्वस्त नसतात, म्हणून कायमचं नव्हे, थोडेच दिवस दाट मोजायचं ठरलं: एक साधा दिवस, एक गुळाच्या सौद्याचा दिवस, एक रविवार. वेळ, काय घेतलं, आकडा. तक्ता छापून दिला होता, तो त्यांनी खिशात घातला आणि स्वतःची रीत काढली. लांबट वहीत दोन बाजू पाडल्या. चहा, खाणं नावे बाजूला. चालणं, औषध जमा बाजूला. शिल्लक म्हणून मीटरचा आकडा. अशी वही मी आजवर पाहिली नव्हती. तक्त्यापेक्षा ती कितीतरी चांगली वाचता येत होती.

साध्या दिवसाची नोंद अशी. उठल्यावर १३६. गुळाचा चहा आणि टोस्ट, दीड तासाने २१४. उप्पिटाआधी १९२, उप्पीट-चहानंतर २६२. साडेबाराला २२८, मधे दोन चहा. दुपारच्या जेवणाआधी अडीच वाजता २०५, नंतर २३८. संध्याकाळच्या चहा-चुरमुऱ्यांनंतर २४६. रात्री जेवणाआधी १९८. मग झोपेत हळूहळू उतरून पुन्हा सकाळी १३५च्या घरात.

मधुमेह असलेल्यांसाठी सर्वसाधारण लक्ष्य असतं ते जेवणाआधी ८० ते १३०, जेवणानंतर एक-दोन तासांनी १८०च्या आत. दिवाणजींचे जेवणानंतरचे आकडे वर होते यात नवल नाही. लक्ष जायला हवं ते जेवणाआधीच्या आकड्यांवर. २०५, १९८. साखर चढत होती तशी उतरायलाही बघत होती, पण अर्ध्या वाटेवर पुढचा ग्लास येत होता. दर दीड तासाने काहीतरी, दिवसभर. लॅबच्या दिवशी हीच माणसं-चहा-बिस्किटांची साखळी तुटायची आणि रिपोर्ट बरा यायचा.

वहीत एक ३४२ पण होता. सौद्याच्या दिवशी दुपारी घेतलेला. दिवाणजी घाबरून डॉक्टरांना फोन करायला निघाले होते. मी विचारलं, त्याआधी काय करत होतात? गुळाचा रवा म्हणजे ढेप फोडून नमुना बघत होते. तोच हात, तेच बोट. साबणाने हात धुऊन, कोरडा करून पुन्हा टोचायला लावलं तेव्हा १८७ आला. बोटावर गुळाचा अंश असला की मीटर तो रक्तातलाच धरतो. फळं कापणाऱ्यांचं, मिठाईवाल्यांचंही असंच होतं. आणि मीटरचा आकडा तसाही लॅबइतका नेमका नसतो. मान्य प्रमाणातसुद्धा १०० च्या वर दोन्ही बाजूंनी १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. १४२ आणि १५५ यांच्यात भांडण लावण्यात अर्थ नाही.

सौद्याच्या दिवशीची तल्लफ

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा मात्र मोठा नव्हता. तो होता ६६, सौद्याच्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी.

सौद्याच्या दिवशी दिवाणजी साडेसहाला घरचा गुळाचा चहा घ्यायचे, त्याबरोबर ग्लिमेपिराइड, आणि टोस्टसुद्धा न खाता निघायचे. गाड्या लागलेल्या, रवे मांडलेले, आवारात सारखी ये-जा. नाश्त्याला वेळ नाही. "अकराच्या सुमाराला चहाची अशी तल्लफ येते बघा, हात थरथरतो. दोन चहा मारले, सोबत बन खाल्ला की माणसात येतो." घाम येतो का? येतो. डोळ्यांसमोर? जरा अंधारतं. "उन्हाचं असेल." डिसेंबर महिना होता.

ही तल्लफ नव्हे, साखर कमी होण्याची लक्षणं आहेत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात काही असो नसो, ती आपलं काम करते. म्हणूनच ती नाश्त्याबरोबर किंवा दिवसाच्या पहिल्या पोटभर खाण्याबरोबर घ्यायची असते. मेटफॉर्मिन एकटी असती तर हे सहसा झालं नसतं. ७० च्या खाली गेलं की शरीर ओरडून साखर मागतं आणि दिवाणजी ती चहा-बनमधून, भीतीपोटी दुप्पट देत होते. त्या दिवशी पाऊण वाजता मीटरवर २५८ होते. एकाच माणसाच्या एकाच सकाळी ६६ आणि २५८, आणि दोन्हींच्या मधे गाड्यावरचा चहा.

इथे चहावर बंदी घालून काही मिळालं नसतं. उलट सौद्याच्या दिवशी ते आवारात चक्कर येऊन पडले असते. मधुमेह्याला "चहा सोडा" सांगण्याआधी तो चहा कशासाठी घेतला जातोय हे बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सवयीचा चहा वेगळा, माणसांचा चहा वेगळा आणि हा तिसरा वेगळा.

६६ ची नोंद त्याच संध्याकाळी डॉक्टरांना कळवली. त्यांनी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमवर आणली आणि नाश्त्याचा पहिला घास घेताना घ्यायला सांगितली. मेटफॉर्मिन तशीच. हा फेरफार डॉक्टरांनीच करायचा असतो. वाचून कुणी आपली गोळी अर्धी करू नये. दिवाणजींच्या गल्ल्याजवळच्या खणात ग्लुकोज पावडरीचं पाकीट आलं. थरथर-घाम जाणवला की आधी मोजायचं, ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि बरं वाटलं की काहीतरी नीट खायचं. मोजायची सोय नसेल तर वाट न बघता साखरपाणी घ्यायचं. दुधाच्या चहाने अशा वेळी साखर लवकर चढत नाही, आणि बन तर अर्ध्या तासाने चढवायला लागतो.

गुळाबद्दल

यावर आमची थोडी झटापट झाली. गुळाने साखर वाढत नाही, गूळ औषधी, ही समजूत सगळीकडे आहे, आणि ज्याचा चरितार्थच गुळावर चालतो त्याच्यासमोर ती खोडायची म्हणजे अवघडच. गुळात लोह आणि थोडे क्षार असतात हे खरं. पण चहाच्या चमचाभर गुळातून ते मिळणार किती? बाकी गूळ बहुतांशी साखरच, रंग वेगळा. मी आकडे सांगत होते आणि दिवाणजी ऐकून घेत होते. मग त्यांनीच आवाज खाली आणून सांगितलं, "आणि मॅडम, साखर स्वस्त झाली की काही गुऱ्हाळात काहिलीत साखर ओततात. ते माझ्याहून जास्त कोण जाणणार?" त्या वाक्यानंतर घरच्या चहातला गूळ सुटला. माझ्या आकड्यांनी काही झालं नसतं.

गोडव्याच्या गोळ्यांबद्दलही त्यांनी विचारलं. चहात एखादी चालेल म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अशा गोड पर्यायांविरुद्ध सल्ला दिला तो वजन कमी करण्यासाठी वापरणाऱ्यांना. आधीच मधुमेह असलेल्यांना तो लागू नाही असं त्यातच नमूद आहे. दिवाणजींना ती चव आवडली नाही, विषय संपला.

चहा एकटा आणि चहा सोबतीने

त्यांना स्वतःला पटावं म्हणून काही सकाळी एकच गोष्ट बदलून पाहायला सांगितलं. गोळी नव्या वेळेला, चालणं नेहमीचं, फक्त सातच्या चहाबरोबर काय, तेवढं वेगळं. वहीतून उतरवते:

दुधाचा बिनसाखरेचा चहा, नुसता: आधी १३८, दीड तासाने १४९. एक चमचा साखर घालून: १४१ वरून १६८. बिनसाखरेचा चहा आणि चार टोस्ट: १३९ वरून २२१. बिनसाखरेचा चहा आणि मूठभर भाजलेल्या शेंगा, थोडे फुटाणे: १४३ वरून १६१.

पहिल्या ओळीतली अकराची वाढ मीटरच्या चुकीतच बसते. शिवाय पहाटेनंतर काही न खाताही साखर थोडी चढतेच. दुधातली लॅक्टोज शंभर मिलिलिटरला पाचेक ग्रॅम, अर्धं पाणी असलेल्या चहात ती नगण्य. तिसरी ओळ दिवाणजींनी दोनदा अधोरेखित केली होती. "म्हणजे चहा निर्दोष सुटला की," असं म्हणाले आणि टोस्टाकडे ज्या नजरेने त्यांनी पाहिलं असेल ती उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेली असणार. एका माणसाचे, एकेकदा मोजलेले आकडे आहेत. दुसऱ्या कुणाला ते जसेच्या तसे लागू नाहीत. पण दिशा हीच सापडते.

शेंगा तर दुकानात पोत्यांनी होत्या. त्यांना वर्षानुवर्षं कुणीतरी सांगितलं होतं की शेंगा तेलकट, मधुमेह्याने खाऊ नयेत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकं फक्त सोळाच्या आसपास. साखर जेमतेम हलते. मेद मात्र अर्धं वजनभर, म्हणून तीस ग्रॅमची मूठ म्हणजे पावणेदोनशे कॅलरी. उघड्या पोत्याशेजारी बसलेल्या माणसाला "थोडं खा" म्हणणं निरर्थक. काकूंनी स्टीलची एक लहान वाटी दुकानात पाठवली, ती एकदा भरायची. खारे दाणे नकोत, रक्तदाब आहे.

बाय टू

सात-आठ चहांचे एकदम दोन करा असं मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि आवारात जाऊन रोजच्यासारखे घेतले असते. चार ठरले. घरी सातला बिनसाखरेचा. मग साडेनऊ, साडेबारा आणि पाच. दोन चहांमधे, नाश्ता आणि जेवण सोडलं तर, पाण्याखेरीज काही नाही. ही मधली मोकळीक मला चमचाभर साखरेपेक्षा जास्त हवी होती.

पाहुण्यांचं काय? याचं उत्तर आपल्या कर्नाटकातल्या हॉटेलांत आधीच आहे. "बाय टू सांगा." एक चहा, दोन ग्लास. रयताचा मान राहतो, ग्लास हातात असतो, पोटात चाळीस मिलिलिटर जातात. साडेबाराचा आणि पाचचा असा बाय टू, पातेल्यातलाच, गोड. त्यातली चार-पाच ग्रॅम साखर मी मुद्दाम हिशेबात ठेवली. सगळंच फिकं केलं की माणूस महिनाभरच टिकतो.

साडेनऊच्या चहासाठी काकूंनी थर्मास दिला होता, आलं आणि गवती चहा घालून. कल्पना चांगली, पण दुधाचा चहा दोन-अडीच तास थर्मासात राहिला की त्याला एक कोंदट वास येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तो हमालांनी प्यायला. शेवटी गाडेवाल्यालाच विचारलं. तो म्हणाला, एका माणसासाठी वेगळं भांडं ठेवणं परवडत नाही. मग दिवाणजींनी आवारात सहज विचारणा केली तर बिनसाखरेचा हवा असणारे आणखी निघाले, आजवर कुणी बोललं नव्हतं इतकंच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींचा अंदाज १०.१ कोटी होता. एका बाजार आवारात चार-पाच निघणं यात आश्चर्य नाही. आता गाड्यावर एक लहान पातेलं वेगळं चढतं.

नाश्ता घरी, पावणेआठला, सौदा असो वा नसो. जोंधळ्याची एक भाकरी, मडकीची उसळ नाहीतर झुणका, दही, शेंगाचटणी. आधी उसळ-काकडी, मग भाकरी. प्रथिनं आणि भाजी आधी पोटात गेली की पुढच्या पिठाची साखर सावकाश चढते. उप्पीट रविवारी घरी, रव्याच्या जोडीला गाजर, मटार, डाळ भरपूर घालून आणि एकच वाटी. जेवणानंतर गल्ल्यावर न बसता माल बघत आवारात दहा-पंधरा मिनिटांची फेरी. चालणारे स्नायू रक्तातली साखर उचलतात, त्याला इन्शुलिनची फारशी गरज लागत नाही. ही फेरी त्यांना सगळ्यात सोपी गेली.

चुरमुरे, भजी, तिळगूळ

चुरमुऱ्यांनी फसायला होतं, कारण ते हलके असतात. वाटीभर चुरमुरे पंधरा ग्रॅमसुद्धा भरत नाहीत, म्हणून माणूस ताटभर खातो, आणि ते फुगवलेला तांदूळच असल्याने पटकन पचून साखर चढवतात. दिवाणजींचा संध्याकाळचा चुरमुरा बंद केला नाही. चुरमुरे निम्मे; कांदा, काकडी, कोथिंबीर, दाणे, फुटाणे दुप्पट; लिंबू. शेव चिमूटभर. जानेवारीत हरभऱ्याचे डहाळे आले तेव्हा पाचच्या चहाबरोबर तेच.

भज्यांनी मात्र एक धडा दिला. गुरुवारी चार मिरची भजी आणि पाव खाऊन त्यांनी दीड तासाने मोजलं तर १७२. आनंदाने फोन. मी म्हटलं, झोपायच्या आधी अजून एकदा मोजा. साडेतीन तासांनी २२४ होते. तळणातल्या तेलामुळे पोट रिकामं व्हायला उशीर लागतो, म्हणून चढ नाहीसा होत नाही, उशिरा येतो. दीड तासाच्या आकड्यावर भजी निर्दोष ठरवली असती तर गुरुवार रोजचाच झाला असता. तडजोड अशी: दोन भजी, पाव नाही, आणि त्या रात्री भात नाही.

संक्रांतीत गुळाच्या दुकानात तिळगुळाला नाही म्हणता येत नाही. दुपारच्या जेवणाच्या शेवटी एक लाडू, चहाबरोबर नाही. भाकरी-भाजीवर पडलेला गोडाचा घास रिकाम्या पोटी चहासोबत घेतल्यापेक्षा कमी धिंगाणा घालतो. कुंद्यालाही हाच नियम, लहान चमचाभर. वर्षभर कुंद्याला शिवलो नाही या अभिमानापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण त्या अभिमानाच्या आडून चार टोस्ट आत येत होते.

तीन महिन्यांनी

एचबीए१सी ७.४, म्हणजे सरासरी १६६ च्या आसपास. उपाशीपोटी १२२. वजन ७८.६. ग्लिमेपिराइड निम्मी करूनही. वहीत ७० च्या खाली एकही नोंद नाही. अकराची थरथर नाश्ता सुरू झाल्यावर आठवड्याभरात थांबली होती. जेवणाआधीचे आकडे आता १३० ते १५० मध्ये असतात. यातलं किती चहाच्या सोबतीमुळे, किती मोकळिकीमुळे, किती वजन उतरल्यामुळे, हे वेगळं करून सांगता येणार नाही.

सगळंच जमलं असं नाही. बस स्टँडवर जुने मित्र भेटले की पाचवा चहा होतो, आणि तो बाय टू नसतो. फेब्रुवारीत लागोपाठ लग्नं आली तेव्हा आठ-दहा दिवस वही कोरी आहे. त्यांनी ती पानं रिकामी सोडली, खोटे आकडे भरले नाहीत, हे मला आवडलं. टोस्ट घरात पुन्हा आला आहे, नातवासाठी. डबा वरच्या फळीवर असतो असं काकू म्हणतात.

डॉक्टरांनी औषध आहे तसंच ठेवलं आहे, पुढची एचबीए१सी जूनमध्ये. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी. दिवाणजींची नऊ वर्षांत एकदाच झाली आहे. बेळगावला जायची चिठ्ठी दिली, तर म्हणाले गुळाचा हंगाम संपल्यावर बघू. काकूंनी तिथल्या तिथे फोन लावून हंगाम संपायच्या आधीची तारीख घेतली.